मोठा खड्डा नवीन फायनल

थर्ड इयरच्या मिनी-प्रोजेक्टला आम्ही मंगळावरची विवरं मोजायला घेतली. कल्पना माझ्या बुलढाण्याच्या रूम पार्टनरची, लॅपटॉप माझा. व्हायकिंग यानांचे १८० फोटो 'नासा'च्या संग्रहातून उतरवले. (हॉस्टेलचं नेट काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको!) फोटोंची नावं म्हणजे नुसते आकडे, ०३५ए७२ वगैरे. मी एका रात्रीत ती बदलली, काळ्या कडाही कापल्या. 'मोठा खड्डा', 'मोठा खड्डा नवीन', 'मोठा खड्डा नवीन फायनल'. फोल्डर कसा माणसात आला!

पार्टनरने माझ्या भरवशावर तीन आठवडे विवरं मोजली. रिव्ह्यूला सरांनी एकच विचारलं, "हा भाग मंगळावर कुठला? आणि एका पिक्सेलला किती मीटर?" दोघंही गप्प. मोजणी शून्य. खोलीवर त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो नुसता टॉवेल घेऊन आंघोळीला गेला.

शनिवारी घरी गेलो, कॉटन ग्रीनला. आजोबा कापसाच्या गोदामात गाठींवर मार्का मारायचे.

"काय रे, तोंड का उतरलंय?"

सांगितलं. मंगळ बाजूला ठेवून ते म्हणाले, "त्या जुन्या नावात काय काय होतं?"

मला पत्ताच नव्हता! शोधलं तेव्हा कळलं, ०३५ म्हणजे पस्तिसावी प्रदक्षिणा, ए म्हणजे व्हायकिंग-१, ७२ म्हणजे बहात्तरावा फोटो. २५ जुलै १९७६ चा. हा तोच प्रसिद्ध 'मंगळावरचा चेहरा'. या लाडक्या नावाने लोकांना वर्षानुवर्षं नादी लावलं. १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयरने जवळून पाहिलं तर साधी टेकडी. आकड्यांनी मात्र कुणाला फसवलं नव्हतं.

"आमच्याकडे प्रेस, लॉट, गाठीचा नंबर, सगळं मार्क्यात," आजोबा म्हणाले. "पुसला तर कापूस तोच राहतो, पण घेणार कोण?"

(आमच्या स्टेशनचंच बघा. मूळ कॉटन ग्रीन फोर्टात, आजच्या हॉर्निमन सर्कलपाशी. कापसाचा बाजार तिथून कुलाब्याला गेला, मग शिवडीकडे आला. नाव पाठोपाठ आलं. आता बाजार गेला, नाव तेवढं लोकलमध्ये ऐकू येतं.)

रविवारी परत आलो आणि मूळ फोटो पुन्हा उतरवायला लावले. कडा कापल्यामुळे फाइलचा साइझ जुळेना, म्हणून एकेक खड्डा डोळ्यांनी ओळखायचा. पार्टनर न बोलता शेजारी येऊन बसला. १४९ जुळले. ३१ अजून 'मोठा खड्डा' याच नावाने पडून आहेत, ते आम्ही रिपोर्टातून काढले.

रात्री दोनला तो मंगळाच्या नकाशावर विवरांची नावं चाळत होता. एकदम ओरडला, "अबे, उत्तरेला लोणार आहे! आपलं लोणार!"

आठ दिवसांतलं त्याचं माझ्याशी पहिलं वाक्य. मी म्हटलं, "पूना पण आहे, बघ."

"ते राहू दे," तो म्हणाला. "चहा आण."