न झालेली लढत

काही वाद निकाली निघावेत म्हणून घातलेच जात नाहीत. कोणत्या काळातला गायक थोर, कोणत्या पिढीतला मल्ल अधिक बलवान, असे वाद आपण रेल्वेच्या डब्यात, चहाच्या टपरीवर किंवा कामाच्या मधल्या सुट्टीत ऐकलेले असतात. दोन्ही पक्ष आवेशाने बोलतात आणि आपापले मत जसेच्या तसे घेऊन घरी जातात. मला अशा वादांचे नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. त्यांपैकी एक वाद तर मला फार आवडतो. रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली हे दोन जगज्जेते मुष्टियोद्धे ऐन उमेदीत समोरासमोर आले असते, तर कोण जिंकले असते?

मार्सियानो हा अमेरिकेतील ब्रॉकटन या गावचा. त्याचे वडील इटलीहून आलेले, जोडे बनवण्याच्या कारखान्यातले कामगार. १९५२ साली तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला आणि १९५६ साली निवृत्त झाला. व्यावसायिक कारकिर्दीत ४९ लढती खेळून त्याने सर्वच्या सर्व जिंकल्या. त्यांपैकी ४३ लढतींत प्रतिस्पर्धी पूर्ण फेऱ्या टिकलाच नाही. अली त्याच्याहून अठरा वर्षांनी लहान. १९६० साली रोम येथे ऑलिंपिक सुवर्णपदक आणि १९६४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, जगज्जेतेपद त्याने मिळवले. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास त्याने १९६७ साली नकार दिला, तेव्हा त्याचे पद काढून घेण्यात आले आणि त्याला रिंगणाबाहेर बसावे लागले.

याच काळात मायामी येथील मरे वोरोनर या रेडिओ निर्मात्याला एक कल्पना सुचली. जुन्या-नव्या सोळा विजेत्यांची माहिती संगणकाला पुरवायची आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकवायच्या. या स्पर्धेत मार्सियानो विजयी ठरला. अलीला मात्र संगणकाने जुन्या काळच्या जिम जेफ्रीजकडून हरवले. अली संतापला आणि त्याने वोरोनरवर दावा लावला. पुढे तडजोड झाली आणि तिच्यातूनच १९६९ साली अली व मार्सियानो यांच्या लुटुपुटुच्या लढतीचे चित्रीकरण झाले. मार्सियानो तेव्हा ४५ वर्षांचा होता. त्याने कष्टाने वजन उतरवले आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला. निरनिराळे शेवट चित्रित करण्यात आले. त्यांपैकी कोणता दाखवला जाणार, हे दोघांनाही सांगितले नव्हते.

२० जानेवारी १९७० रोजी तो चित्रपट झळकला. तेराव्या फेरीत अली कोसळतो आणि मार्सियानो जिंकतो, असा निकाल अमेरिकेतील प्रेक्षकांनी पाहिला. युरोपात दाखवलेल्या एका प्रतीत मात्र अली विजयी झाला होता! मार्सियानोला यांपैकी काहीच पाहता आले नाही. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

यंत्राचा निकाल प्रेक्षकांगणिक बदलत असेल, तर आपण आपला विचार करावयास काय हरकत आहे? अली सहा फूट तीन इंच उंच; मार्सियानो त्याच्यापेक्षा सुमारे पाच इंचांनी बुटका आणि वजनाने दहा-अकरा किलोंनी हलका. अलीच्या हातांची पोच जवळजवळ दहा इंचांनी अधिक. अली रिंगणभर फिरत राहणारा, लांबून डाव्या हाताचे झटपट ठोसे मारणारा. मार्सियानोला प्रत्येक ठोशासाठी आधी ते अंतर ओलांडावे लागले असते. शिवाय १९५४ साली एझार्ड चार्ल्सशी झालेल्या दुसऱ्या लढतीत त्याचे नाक चिरले होते. अलीच्या ठोशांनी अशी जखम लवकर झाली असती. मार्सियानोने हरवलेला जो लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता, हेही विसरता येत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. चिरलेल्या नाकाने मार्सियानोने चार्ल्सला आठव्या फेरीत बाद केलेच. १९५२ साली जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले होते. बारा फेऱ्यांपर्यंत तो गुणांत मागे होता, आणि तेराव्या फेरीत उजव्या हाताच्या एका ठोशाने त्याने जगज्जेतेपद मिळवले. उलट अलीला १९६३ साली हेन्री कूपरने आणि १९७१ साली जो फ्रेझरने डाव्या हाताच्या ठोशाने जमिनीवर आणले होते. तरीही माझे मत विचाराल, तर पंधरा फेऱ्यांअखेर अली गुणांवर जिंकला असता आणि मार्सियानो शेवटच्या घंटेपर्यंत उभा असता.

माझे हे मत कोणाला पटले नाही, तरी त्याचे मला वाईट वाटणार नाही. कारण या वादात एक गोष्ट राहूनच जाते. संगणकाला उंची, वजन, वेग, ठोशाची ताकद हे सारे सांगता आले. परंतु कोंडी झाल्यावर माणूस काय करील, हे सांगता आले नाही. तो चित्रपट झळकला तेव्हा अली पदाला मुकलेला होता, त्याच्यावर तुरुंगवासाची टांगती तलवार होती आणि पडद्यावर त्याला जमिनीवर पडलेले दाखवले जात होते. त्याच वर्षी तो रिंगणात परतला. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली आणि १९७४ साली किन्शासा येथे जॉर्ज फोरमनला हरवून तो पुन्हा जगज्जेता झाला. यांपैकी एकही गोष्ट कोणत्याही यंत्राच्या आकड्यांत नव्हती.

माणसांची तुलना आपण रोजच करतो. दोघा भावांची, दोघा कामगारांची, एकाच परीक्षेला बसलेल्या दोघा विद्यार्थ्यांची तुलना आपण सहज करून टाकतो. ती करताना एकाच्या वाट्याला कोणता काळ आला, कोणाशी झुंजावे लागले आणि किती वर्षे हातची गेली, याचा हिशेब बहुधा राहून जातो. अली आणि मार्सियानो यांच्याविषयी वाद घालणाराला हा हिशेब मांडावाच लागतो. त्याशिवाय त्याला पुढे बोलताच येत नाही. म्हणून हा वाद निष्फळ असूनही निरर्थक नाही, असे मला वाटते.