मिरचीचे माहेर

बदलीच्या नोकरीत नव्या गावाची ओळख कचेरीत होत नाही; ती उपाहारगृहात होते. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच. तीच टेबले, त्याच फायली. आम्ही म्हैसुरास आलो तेव्हा आम्हांला कन्नडचे दोनच शब्द येत असत: 'बेकु' आणि 'साकु', म्हणजे 'पाहिजे' आणि 'पुरे'. एवढ्या भांडवलावर देवराज मोहल्ल्यात पोटभर खाता येते, असा आमचा अनुभव आहे.

या भागात मराठी माणसास अगदीच परके वाटू नये. येथला हमरस्ता बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाचा. त्याच्या कडेला देवराज बाजार. तेथे मोगऱ्याचे गजरे, विड्याची पाने, नंजनगूडची केळी. 2016 साली या जुन्या इमारतीचा काही भाग कोसळला, पण बाजाराचा गलबला काही थांबला नाही. दसऱ्यात राजवाडा पाहून थकलेले प्रवासी ज्या साध्या उपाहारगृहांत शिरतात, तेथलेच आम्हीही नित्याचे गिऱ्हाईक.

वडील वारल्यानंतर आई साताऱ्याहून प्रथमच आमच्याकडे आली, तेव्हा तिचे जेवण दोन घासांवर आले होते. एका रविवारी आग्रह करकरून तिला तेथे नेले. मसाला डोसा आला. आतून लसूण-मिरचीची तांबडी चटणी माखलेली, तीवर बटाट्याची भाजी. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "अरे, ही तर आपलीच चटणी!" तोच आमच्या चिरंजीवांनी वाढप्यास फर्माविले, "इन्नू स्वल्प चटणी कोडि." नातवाच्या तोंडचा तो 'स्वल्प' ऐकून आई हसली. कित्येक महिन्यांनी हसली. तिने डोसा संपविला, आणि आमच्या सौभाग्यवतींनी हळूच डोळे पुसले.

खरे पाहता ती चटणी ना साताऱ्याची, ना म्हैसूरची. मिरचीचे माहेर मेक्सिको. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर आपले तिखट मिऱ्यांचे असे. बटाटा तर त्याहून दूरचा, दक्षिण अमेरिकेतला. मेक्सिकोत आजही मक्याच्या पोळीवर मिरचीची चटणी घालून खातात. तिकडचा कोणी त्या दिवशी आमच्या टेबलाशी बसता, तर तोही बहुधा आईसारखेच उद्गारला असता.

साताऱ्याजवळ बदली मिळावी, असा आमचा अर्ज वर गेला आहे. आई थकली आहे. तेव्हा तो मागे घेणे नाही. मात्र तो मंजूर झाला, तर चिरंजीवांना आजोळी-घरी सारेच परके वाटेल काय, ही चिंता नवी आहे. आपण बदलीवाले मुलांना एक गाव देत नाही. चार गावांची चव तेवढी देतो. तिच्या बळावर त्यांनी जेथे जातील तेथे घर मांडावे. मिरचीने नाही का मांडले?