न पिकणारा बिंदू

आमच्या बेळगावकडे डोळ्यांच्या दुखण्याचे बोलणे निघाले की ‘पिकणे’ हे क्रियापद हमखास येते. ‘बिंदू पिकला की काढू,’ म्हणत माणसे दोन-दोन हंगाम घालवतात. मोतीबिंदूच्या बाबतीतही हा समज आता जुना झाला. पण तिथे निदान शस्त्रक्रियेनंतर दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदूत गेली ती गेली. भाषेचा शिक्षक म्हणून मला या दोघांचे नामसाधर्म्य फार घातक वाटते.

माझे थोरले बंधू खानापूर तालुक्यात शेती करतात. येता-जाता दाराची चौकट त्यांच्या खांद्याला लागू लागली. पण वर्तमानपत्र स्वच्छ वाचता येत होते, मग डोळ्यांना काय धाड भरली आहे? डॉक्टरांनी तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या कडेची नजर बरीच गेलेली होती.

डोळ्यात पाण्यासारखा एक द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर जातो. निचरा अडला की दाब वाढतो आणि मागच्या नसेचे तंतू मरू लागतात. असे तंतू सुमारे दहा-बारा लाख. मेलेला एकही पुन्हा उगवत नाही. पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरपर्यंतचा दाब सर्वसाधारण मानतात, पण तेवढ्यातही काहींची नस झिजते. म्हणून नुसता दाब मोजून भागत नाही, नसही पाहावी लागते. शिवाय गेलेल्या जागी काळोख दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या चित्रानेच ती जागा भरतो. हजेरीपटावर सगळे हजर आणि मागची बाके रिकामी, तसा प्रकार.

बंधूंना थेंब दिले. तीन महिन्यांनी गेलो तर बाटली देव्हाऱ्याशेजारी धूळ खात पडलेली.

“फरक काय दिसेना बघ. कशाला घालायचं?”

शेतकऱ्याच्या हिशेबाने सवाल रास्त होता. खत घातले तर पीक दिसावे. मी म्हटले, “दादा, बांध घातला म्हणून शेत वाढतंय काय? आहे ती माती राहते.” ते काही बोलले नाहीत. वहिनींनी मात्र रात्रीच्या बातम्यांची वेळ थेंबांना नेमून दिली. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटे बोटाने दाबून धरायचा. दुसरे औषध असल्यास पाच मिनिटांनी. दमा असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा, कारण टिमोलोलसारखे थेंब दम्याला चालत नाहीत. आणि डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्महिने घालणाऱ्यांना काय म्हणावे! त्यानेच दाब चढू शकतो.

सख्ख्या भावंडांना धोका अधिक, म्हणून मीही तपासून घेतले. अर्धगोल पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकून समोर पाहायचे आणि कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचे. परीक्षा घेण्यात उभा जन्म गेला, पण इतका घाम कोणत्याच परीक्षेत फुटला नव्हता. दाब २४ निघाला. नस शाबूत आहे. दर सहा महिन्यांनी जायचे आहे.

धाकटी बहीण निपाणीला असते. तिलाही पन्नाशी लागली. भाऊबीजेला ती येईल, तेव्हा दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. बंधूंचीही त्याच दिवशी.