वडिलांच्या धोतराची बाराबंदी

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी 7 नंदीध्वज पेलून 68 लिंगांच्या भेटीला नेतात. आमच्या कुंभारीची पोरे ते पाहून येतात आणि वेळूची काठी घेऊन महिनाभर तोच खेळ खेळतात. गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनातही हाच देखावा ठरला.

आमच्या सालगड्याचा मुलगा त्यात होता. एके दिवशी तालमीच्या वेळी तो गोठ्यात बसलेला दिसला. विचारले तर मान खाली. पोशाखाचे भाडे 150 रुपये, वर अनामत. बापाने आधीच उचल घेतलेली. पुन्हा मागायला तो लाजला होता.

मी खिशात हात घातला. आई म्हणाली, "पैसं ऱ्हाऊ दे. ट्रंक उघड."

ट्रंकेत वडिलांचे धोतर होते. ते गेल्यापासून त्याची घडी कुणी मोडली नव्हती. माझा हात अडला. आई म्हणाली, "कसर लागून जाण्यापरीस पोराच्या अंगावर जाऊ दे की."

गोदूताई परुळेकर वसाहतीत विड्या वळणाऱ्या एक बाई शिवणही करतात. त्यांनी धोतर धुऊन उजेडात धरले. बसण्याच्या जागी विरलेले कापड बाजूला काढले. विडीचे पान फर्मा ठेवून कापतात, तसाच जुन्या अंगरख्यावरून कागदाचा फर्मा केला. काखेत चौबगला घातला, म्हणजे हात वर केला तरी कापड उसवत नाही. धोतराच्या किनारीचे 12 बंद केले. बंद सैल करता येतात, म्हणून वाढत्या पोराला तीच बाराबंदी दोन वर्षे पुरते. उरलेल्या कापडात दुसऱ्या मुलाचीही झाली.

संमेलनाच्या रात्री पोराने काठी पेलली, तेव्हा आईने बंदांची लाल किनार लांबूनच ओळखली. काही बोलली नाही. पदर डोळ्याला लावला.

बियाणे फार वर्षे कणगीत ठेवले तर उगवत नाही, हे मी गावोगाव सांगत फिरतो. घरच्या ट्रंकेचा मात्र मला विसर पडला होता. वाचकहो, तुमच्याही घरी असे एखादे धोतर, लुगडे घडीत पडले असेल. संमेलनाच्या आधी एकदा उजेडात धरून पाहा. भाड्यापायी एखादे पोर गोठ्यात बसले असेल.