झीज कुठे आहे ते पाहावं

अक्कलकोट

तीर्थरूप काकांस,


घरच्या वर्कशॉपसाठी जुनं लेथ घेण्याचा बेत तुम्हाला पसंत नाही. जुनं यंत्र घेणं म्हणजे दुसऱ्याने पंचवीस-तीस वर्षं वापरून केलेली झीज पैसे मोजून घरी आणणं, हा तुमचा मुख्य आक्षेप. तो खोटा नाही. वापरलेलं लेथ झिजलेलं असणारच. पण झीज किती आहे एवढ्यावरून लेथ टाकाऊ ठरत नाही. ती कुठे आहे आणि कोणत्या दिशेने आहे, हे आधी पाहावं लागतं, आणि ते अंदाजाने नव्हे तर मोजून कळतं.

हिशोब करून पाहा. ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा कातायचा आहे आणि चकजवळ बेड खचल्यामुळे टूलचं टोक सरळ ०.१ मिलिमीटर खाली गेलं आहे. त्रिज्या २५. काटकोन त्रिकोणाचा नियम लावला तर त्रिज्येत ०.०००२ मिलिमीटरचा फरक येतो, म्हणजे व्यासात अर्धा मायक्रॉनसुद्धा नाही. नेहमीच्या मायक्रोमीटरला तो दिसणारही नाही. तेच टूल तेवढंच, पण आडवं, जॉबपासून दूर सरकलं तर व्यास थेट ०.२ मिलिमीटरने वाढतो, आणि त्या शाफ्टवर बेअरिंग बसत नाही. झीज तेवढीच, परिणाम पाचशे पट. जर्मन अभियंते गेऑर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली मशीन टूल्सच्या चाचण्या पुस्तकरूपाने मांडल्या, त्यांत हाच विचार नव्या कोऱ्या लेथलाही लावलेला आहे: स्पिंडलमध्ये बसवलेल्या टेस्ट बारचं मोकळं टोक किंचित वर आणि टूलच्या दाबाच्या बाजूला झुकलेलं चालतं, उलट दिशेला चालत नाही. नव्या यंत्राच्या चुकीलाही दिशा असते, मग जुन्याच्या झिजेचा हिशोब दिशा सोडून कसा करायचा?

यावर तुम्ही म्हणाल की बेड इतका सरळ खाली झिजत नाही, आणि ते बरोबर आहे. बेडची पुढची व्ही आकाराची पट्टी मागच्या पट्टीपेक्षा जास्त झिजते, कॅरेज पुढे कलतं, आणि खाली जाणारं टूल आडवंही सरकतं. म्हणून नुसत्या हिशोबावर विसंबून पैसे देऊ नयेत. कॅरेजचा लॉक चकजवळ हलका आवळून ते टेलस्टॉककडे न्यावं. तिकडे ते जाम होत गेलं तर चकजवळचा भाग झिजला आहे, एवढं उभ्या झिजेबद्दल कळतं. आडव्याचा निकाल कातूनच लागतो. चांगला जाड दांडा चकमध्ये धरावा, टेलस्टॉकचा आधार न घेता त्यावर दीडशे मिलिमीटर अंतराने दोन पट्टे राखून एकाच बारीक कटमध्ये कातावेत, आणि दोन्ही व्यास मोजावेत. विकणारा यंत्र चालवून दाखवत नसेल तर चकखाली लाकडी दांडा घालून उचलावा आणि डायल गेजवर स्पिंडल किती हलतो ते पाहावं. ढिलाई बहुधा बेअरिंगच्या नटवर आवळून काढता येते. आवळूनही काटा हलत राहिला तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करावा.

मग काय चालवून घ्यायचं आणि कशाला भ्यायचं, हे आपोआप वेगळं होतं. क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेरा रिकामं फिरतं म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडतं, पण तो गनमेटलचा नट आहे, नवा होतो, आणि टॅप मिळाला तर त्याच लेथवर होतो. लीड स्क्रू चकजवळ झिजलेला असला तरी साध्या टर्निंगचं त्याने बिघडत नाही. भ्यायचं ते बेडच्या किंवा हेडस्टॉकच्या भेगेला, वाकलेल्या स्पिंडलला, हरवलेल्या चेंज गियरना आणि गॅप बेडच्या काढून ठेवलेल्या तुकड्याला, कारण तो त्याच बेडवर बसवून ग्राइंड केलेला असतो आणि परत तसाच क्वचित बसतो. म्हणूनच नव्याने रंगवलेल्या लेथचा मला जास्त संशय येतो. भेगेत लांबी भरून वर हिरवा रंग मारायला एक दुपार पुरते. मळलेलं, तेलकट, पण कधी न रंगवलेलं लेथ आपली अवस्था लपवत नाही.

या किमतीत लहान नवं लेथ येतं, हा तुमचा दुसरा मुद्दा. येतं, पण त्यात बीड कमी असतं. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर कंपनी काढली, १९५३ मध्ये बंगळूरला एचएमटी स्थापन झाली. त्या कारखान्यांची यंत्रं दिवसभर जड काम करण्यासाठी बनलेली होती. करड्या बिडातलं ग्राफाइट कंप शोषून घेतं आणि वजन टूलला थरथरू देत नाही. झिजलेला नट बदलता येतो, हलक्या यंत्रात वजन नंतर घालता येत नाही. घरी मात्र फार मोठं लेथ नको, साडेचार फुटी बेडचं पुरे. तेही अर्ध्या टनाच्या आसपास भरतं.

दुरुस्ती म्हणजे चकाकी नव्हे. आपल्या राजवाड्यातल्या शस्त्रसंग्रहालयातल्या तलवारी आता पाहण्यासाठीच आहेत, लेथ कातण्यासाठी आहे. ते उघडावं, रॉकेलने धुवावं, तेलाच्या वाटा मोकळ्या कराव्यात, मोजावं आणि मग गरजेपुरतंच बदलावं. बेडवर पॉलिश पेपर अजिबात चालवू नये, त्याची कचच पुढे बेड खाते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोही कोरडा घासू नये. वीज हा तुमचा रास्त प्रश्न. घरात सिंगल फेज आहे. पण मोटर ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असेल आणि तिची सहाही टोकं बाहेर असतील तर ती डेल्टात जोडून सिंगल फेज घेणाऱ्या ड्राइव्हवर चालते. ड्राइव्ह असो वा स्टार्टर, गेलेली वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. आपल्याकडे वीज कधी येईल याचा नेम नाही, आणि तेव्हा हात चकवर असू शकतो.

खरी अडचण मला आपल्या मातीची वाटते, आणि ती तुम्ही काढलीच नाहीत. अक्कलकोटची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरची फरशी तिरकी झाली तर बेडला पीळ बसतो, आणि तो टूलला नेमका आडव्या दिशेने हलवतो. टूलची उंची बेडच्या रुंदीइतकी धरली तर एका बाजूला ०.१ मिलिमीटरची उचलसुद्धा व्यासात ०.२ मिलिमीटर होऊन दिसते. चांगलं लेथ झिजलेलं ठरायला एवढं पुरेसं आहे. म्हणून मुरूम खोलवर भरून जाड काँक्रीट करावं आणि दर पावसाळ्यानंतर लेव्हल लावून दोन पट्ट्यांची चाचणी पुन्हा घ्यावी.

राहिला प्रश्न गरजेचा. सोलापूर चाळीसेक किलोमीटरवर आहे, तिथे सीएनसी आहेत, मग घरी कशाला, असं तुम्ही विचारता. सीएनसी एकसारखे शंभर नग काढायला उत्तम. पंपाचा एक झिजलेला बुश, मागाची एक पिन, नमुना हातात धरून मापाला माप लावून करायची कामं त्यांना परवडत नाहीत, आणि इथल्या शेतकऱ्याचं, मागवाल्याचं काम अशा एका नगासाठीच अडतं.

तेव्हा तुमच्याकडची मास्टर लेव्हल आणि मॅग्नेटिक बेससह डायल गेज महिनाभरासाठी द्यावा. दोन पट्ट्यांत दीडशे मिलिमीटरवर ०.०५ पेक्षा जास्त फरक निघाला आणि लेव्हलने बेड सरळ करूनही तो गेला नाही, तर व्यवहार करणार नाही. काकूंना साष्टांग नमस्कार.

आपला पुतण्या