दोन झाकली दुखणी

पडसे माणूस चारचौघांत मिरवतो. मधुमेहाला तर आताशा थोडी प्रतिष्ठाच आली आहे. पण जांघेतला नायटा आणि मनाच्या दुखण्यावरची ‘रात्रीची गोळी’ यांविषयी कोणी चकार शब्द काढील तर शपथ!

आमच्या माकणीजवळ तेरणेवर धरण झाले, ऊस आला, ओल्या कपड्यांनी राबणे आले. नायट्याला आणखी काय हवे? रात्रीच्या गोळीची कथा वेगळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि नात्यातल्या एका मामांची झोप उडाली ती उडालीच. पुढे कानांत आवाज येऊ लागले. अलीकडे क्वेटियापीनने ते माणसांत आले. बैलांना नावाने हाका मारू लागले. मामींना तेवढे पुरे होते.

गेल्या पावसाळ्यात मामांनी नायट्यासाठी गुपचूप इट्राकोनॅझोलच्या गोळ्या आणवल्या. पाचव्या दिवशी ओट्यावरून उठताना ते कोलमडले. दिवसाढवळ्या हाक मारली तरी डोळा उघडेना. जुने दुखणे उलटले असे समजून घरात रात्रीची गोळी वाढवण्याचे घाटत होते! नशीब, मामी आधी दवाखान्यात गेल्या; जाताना घरातली सगळी पाकिटे पदरात बांधून गेल्या.

मुलांना मी हौदाचे गणित शिकवतो, तेच हे. क्वेटियापीनचा निचरा यकृतातल्या सीवायपी ३ए४ या विकराकडे असतो. बुरशीवरची ही गोळी नेमकी तीच मोरी बुजवते; वरचा नळ मात्र रोजच्यासारखा चालू. इट्राकोनॅझोलचे भावंड केटोकोनॅझोल. ते रोज २०० मिलिग्रॅम असे चार दिवस दिल्यावर रक्तातल्या क्वेटियापीनची कमाल पातळी तिपटीहून वर गेल्याचे प्रयोगात दिसले आहे. पिमोझाइडचे तर याहून वाईट. ते साचले की हृदयाचा ठेकाच बिघडू शकतो. म्हणून या गोळ्यांशी त्याची गाठ पडूच देत नाहीत.

डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल थांबवली. तिचा अंमल ओसरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर क्वेटियापीन कमी करून दिली, पण आपल्या मनाने सोडायची नाही असे बजावले. नायट्याला मलम मिळाले. वरून लावलेले औषध रक्तात फारसे उतरत नाही.

मामी आता सगळी पाकिटे एकाच डब्यात, दर्शनी फळीवर ठेवतात. मामांना ते मुळीच आवडत नाही.