ओली का सुकी

परभणीहून जिंतूरकडे निघालं की बोरीच्या आधी झरी लागते. काळी जमीन, कापूस, तूर आणि आता जिकडं बघावं तिकडं सोयाबीन. या पट्ट्यातल्या लेकरांनी आपल्या हातानं केलेल्या खेळांची ही यादी. यांतलं काहीच दुकानात मिळत नव्हतं, म्हणून किमतीचा रकाना नाही. प्रत्येक खेळाबरोबर त्याचं भांडणही नोंदवलं आहे. दोन्ही एकाच वेळी तयार व्हायचं.

ठिकरी. फुटक्या माठाची किंवा कौलाची खापरी, काठ दगडावर घासून गोल केलेली. जमिनीवर आखलेल्या घरांतून लंगडत सरकवायला हीच, लिंगोरच्याचा ढीग रचायला हीच, आणि डाव कुणाचा ते ठरवायलाही हीच. एका अंगाला थुंकी लावायची, वर उडवायची, विचारायचं, "ओली का सुकी?" नाणं कुणाच्या खिशात नसायचं, खिसाही सगळ्यांना नसायचा. मे महिन्यात वाद ठरलेला. खाली पडेस्तोवर थुंकी वाळून गेली तर काय म्हणायचं? एक पार्टी म्हणणार सुकी पडली, दुसरी म्हणणार ओलीच होती, वाळली त्याला आम्ही काय करणार. पुन्हा उडवायची, या वेळी थुंकी जास्त. घरात रांजणाच्या जागी प्लास्टिकची टाकी आली, माठाच्या जागी पाण्याचा जार आला. फुटणारं भांडंच राहिलं नाही.

धाटाची गाडी. ज्वारी निघून कडबा रचला की हा कारखाना सुरू. जाडसर धाट निवडायचं आणि वरची चोय दातानं सोलून काढायची. आत पांढरं, हलकं भेंड. भेंड म्हणजे लाकूड आणि चोय म्हणजे खिळा. लोखंड, डिंक, दोरा कशालाच जागा नाही. भेंडाचे दोन लांब तुकडे समोरासमोर धरून त्यांत आडव्या चोया खोचल्या की गाडीचा साटा झाला. चाकाला जरा कसब लागतं. लांब चोय वाकवून गोल करायची, टोकं भेंडाच्या तुकड्यात अडकवायची, मधे तुंबा बसवायचा, तुंब्यातून काठापर्यंत आरे खोचायचे. ओली चोय हवी. सुकी वाकवताना तडकते. जुवाला शिवळासुद्धा लावायच्या, कारण शिवळा नसल्या तर बघणारा पहिल्यांदा तेच काढणार. बैलाला भेंडाचं अंग, चोयांचे पाय आणि शिंगं. शिंगं लांब आणि मागं गेलेली केली तर खिलारी, आखूड बाक दिला तर देवणी. लाल कंधारी करायची हौस असेल तर अंगाला गेरू फासायचा. मग पोरं आपापल्या गाड्या ओसरीवर मांडून बसत आणि परीक्षण चाले. ते फार निर्दय असायचं. "हा बैल व्हय? शेळी दिसायली." कुणाची गाडी चालत नसली तरी चांगली दिसते म्हणून ती गाडीत धरायची का, यावर एक दुपार सहज जायची.

चोय ओठाला पात्यासारखी कापते. रात्री जेवताना कालवणाचा घास तोंडात गेला की कोणी दिवसभर काय केलं ते चेहऱ्यावरून घरात कळायचं.

मालदांडी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जायची. सोयाबीन मांडीच्या वर जात नाही आणि मळणीतून निघतं ते भुसकट. त्याचं खेळणं काही होत नाही. 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' ही ज्वारीची वाणं याच जिल्ह्यातल्या कृषी विद्यापीठानं दिली. वाणं आहेत, पण पेरा घटला. तरी खेळणं गेलं त्याचा दोष मोबाइलला देतात, तेव्हा मला नवल वाटतं. कच्चा मालच आधी गेला होता.

चिंध्यांचा चेंडू. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या घट्ट गुंडाळायच्या, वरून सायकलच्या ट्यूबची कापलेली कडी चढवायची. पाठीवर बसला की वळ उठतो. उडत नाही फारसा, पण उडायचा नसतोच, लागायचा असतो.

भोवरा. सुताराच्या घरून. बाभळीचा ठोकळा, खाली लोखंडी आर, गुंडाळायला सुतळीची जाळी. लेकरानं मागितला तर सुतार लगेच देत नसे. पेरणीच्या तोंडाला औतं, तिफणी दुरुस्तीला आलेल्या असत. वर्षाच्या धान्यात त्याचं बलुतं असे, भोवरा त्यातच गेला असं धरायचं. हरलेल्याचा भोवरा रिंगणात ठेवून बाकीच्यांनी आरेनं टोचे मारायचे. किती टोचे, हे आधी ठरत नसे. ते हरलेला कोण आहे त्यावर ठरायचं, आणि हे सगळ्यांना माहीत असून कुणी तोंडानं बोलत नसे.

चार फाका. दोन चिंचोके मधोमध फोडले की चार फाका होतात. एक अंग तांबूस काळं, एक पांढरं. काठ शहाबादी फरशीवर घासून सारखे करायचे. घासलेला चिंचोका तापतो, तो शेजारच्याच्या दंडाला टेकवायचा. हा मुख्य खेळाचा भाग नाही, पण कुणी चुकवत नसे. सारवलेल्या ओसरीवर कोळशानं पाच पाच घरांच्या पाच ओळी, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधल्या घरात फुली. कुणी याला चल्लस-आठ म्हणतं, कुणी चौकाबारा. चारी फाका पांढऱ्या पडल्या तर चार, चारी काळ्या पडल्या तर आठ, नाहीतर जितक्या पांढऱ्या तितकी घरं. सोंगट्या म्हणजे तुरीचा दाणा, कापसाची सरकी, बांगडीचा तुकडा, खडा. दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय, म्हणजे तोड केल्याशिवाय, आतल्या घरांत शिरता येत नाही.

इथं वादाला अंत नाही. फाक भिंतीला टेकून उभी राहिली तर? एका घरात आपल्याच दोन सोंगट्या बसल्या तर त्यांना मारता येतं का? आठ पडल्यावर पुन्हा टाकायचं, पण ओळीनं तीनदा आठ पडले तर ते जळतात का? याचं उत्तर गावात एक नसायचं, कारण नियम सुनांबरोबर यायचे. गंगाखेडकडची सून तिकडचा नियम घेऊन येई, सेलूकडची सेलूचा. सासू तिसऱ्याच गावची. मग ज्या घराच्या ओसरीवर डाव मांडला त्या घरचा नियम, असा तोडगा निघे. दुसऱ्या दिवशी ओसरी बदलली की नियम बदलला. कडेला गहू निवडत बसलेली म्हातारी हे न्यायालय. ती मान वर करत नसे, पण खोटी सोंगटी सरकली की बोले, "ठेव गं मागं."

याच कुळातल्या पचिसीवरून इंग्रजांनी लुडो केला आणि १८९६ साली त्याचं पेटंट घेतलं. २०१६ मध्ये तो लुडो किंग होऊन नवी मुंबईतून परत आला, आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला. वाईट खेळ नाही. फक्त त्याचा फासा कधी भिंतीला टेकून उभा राहत नाही.

काचा. फुटक्या बांगड्यांचे तुकडे, लाल, हिरवे, पिवळे, जुन्या डबीत साठवलेले. मूठभर जमिनीवर टाकायचे आणि एकेक असा बाजूला काढायचा की दुसरा हलता कामा नये. करंगळीच्या नखानं. श्वास रोखून.

"हाललं."

"कुठं हाललं?"

"माह्या डोळ्यानं पाह्यलं, हिरवं हाललं."

"तुह्या पदराचा वारा लागला असंल."

"देवाशपथ सांग."

शपथ घेतली की वाद मिटला. खोटी शपथ घेणारीला लगेच काही होत नसे, पण महिन्याभरात तिच्या घरी कुणाला ताप आला तर त्याचा हिशेब लागे. कासाराच्या काचेच्या बांगड्या आता लग्नाला आणि सणाला. रोजच्या हातात प्लास्टिकच्या किंवा धातूच्या. त्या फुटत नाहीत. गजग्यांचंही तसंच झालं. सागरगोट्याचं काटेरी झुडूप बांधावर असायचं, बांध कोरून रान वाढवलं त्यात ते निघालं.

विटी-दांडू. लिंबाची किंवा बाभळीची फांदी, दोन्ही टोकांना तासलेली विटी, जमिनीत कोरलेली गल. विटी गलीवर आडवी ठेवून कोलायची. मोजायचं वकट, लेंड, मुंड, नाल, आर असं. पुढचे आकडे गावागावांत फिरतात. मोजणी ज्या आकड्यावर थांबेल त्याप्रमाणे पुढची विटी पायावरून, मुठीवरून किंवा डोळ्यावर ठेवून मारायची. तुकारामांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुंबरी या खेळांवरचे अभंग आहेत, म्हणजे खेळ निदान साडेतीनशे वर्षांचा धरावा. मोजताना दांडू चार बोटं पुढं सरकवून ठेवायची लबाडीही तितकीच जुनी असणार. ती पकडण्यासाठी मोजणाऱ्याच्या शेजारून विरुद्ध पार्टीचा एक जण वाकून चालत असे. त्याला कुणी नेमलेलं नसे.

विटी कुणाच्या डोळ्याला लागल्याची एक गोष्ट प्रत्येक गावात आहे. बंदी घालायला ती पुरते.

पारावरचा पट. दगडी चिऱ्यावर टोच्यानं कोरलेल्या रेघा. एकात एक तीन चौकोन आणि बाजूंच्या मधून जोडरेघा असतील तर नवकंकरी. दोघांना नऊ नऊ खडे, तीन एका रेघेत आले की समोरच्याचा एक उचलायचा. तिरप्या रेघांचा असेल तर वाघ-बकरी. वेरूळच्या लेण्यांतही फरशीवर असे पट कोरलेले आहेत. पाथरवट असो की वाटसरू, दुपार सगळ्यांनाच काढावी लागते. पारावर खेळणारे दोघं आणि बोलणारे आठ. वाघ तीन घ्यायचे की चार, इथून सुरुवात. बकऱ्यांच्या बाजूनं खेळणारा गरीब स्वभावाचा असतो, असा एक समज होता. तो चूक आहे. बकऱ्यांनी वाघ कोंडायला जास्त डोकं लागतं आणि जास्त दुष्टपणाही. जुना पार पाडून सिमेंटचा ओटा बांधतात, वर गुळगुळीत टाइल बसवतात, कडेला देणगीदाराचं नाव. टाइलवर रेघ कोरता येत नाही, कोळशाची उठत नाही.

खो-खो या यादीत नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं त्याचे नियम बांधायला घेतले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. नियम छापले गेले म्हणून खेळ जगला, हे मान्य करायलाच हवं. वाद मात्र पंचाकडे गेला. आट्यापाट्यांचेही नियम छापले, पण शेतात पाट्या आखून, एकानं सूरपाटी धरून, लोण आणताना पाय रेघेवर पडला की नाही यावर धुळीतला ठसा शोधणारी पोरं आता दिसत नाहीत. ठसा सापडायचाही. फक्त तो कुणाचा, हे ठरायचं नाही. सगळे अनवाणी.

लिंबूटिंबू. वस्तू नाही, पण नोंद हवी. धाकटं भावंड सांभाळायची अट असल्याशिवाय थोरलीला खेळायला सोडत नसत. म्हणून खेळात एक असा गडी ठेवायचा जो बाद होत नाही, ज्याच्यावर राज्य येत नाही, आणि ज्याला हे कळता कामा नये. इतकी बारीक तरतूद मी दुसऱ्या कुठल्या नियमावलीत पाहिली नाही. फोनवरच्या खेळात धाकट्याच्या हाती दुसरा बंद पडलेला फोन देतात. तत्त्व तेच.

फोनवरची भांडणं थोडक्यात सांगता येतात. "नेट गेलं होतं." "तुझा फोन भारी आहे." पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा चार दिवस चर्चा झाली, मग दुसरा खेळ आला. नियम कुठंतरी लांब ठरतो आणि रात्रीतून बदलतो. पोरं सकाळी उठून तो शिकतात. खेळ घडवणं मात्र बंद पडलेलं नाही. पुण्यातल्या एका छोट्या चमूनं 'राजी' नावाचा खेळ केला, तो २०२० मध्ये जगभर विकला गेला. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००७ साली स्क्रॅच फुकट खुलं केलं, त्यात शाळकरी पोरंही खेळ रचतात. एकानं केलेला खेळ दुसरा उघडतो, आत डोकावतो, त्याला न आवडलेला नियम बदलून आपल्या नावानं मांडतो, आणि मग खालती दोघांचं जुंपतं. सासर-माहेरचा चल्लस-आठ याहून वेगळा नव्हता. मात्र त्याला संगणक लागतो, वीज लागते, आणि दुपारभर कुणी हाक मारणार नाही अशी जागा लागते.

यादीत घालायला गेलो आणि घालता आला नाही असा एकच खेळ उरतो, आणि तो आपला नाही. क्रिकेट. फळी तासून केलेली बॅट, स्टंपाच्या जागी विटांचा ढीग किंवा पत्र्याचा डबा, टेप गुंडाळलेला चेंडू. लॉर्ड्सवरच्या नियमांचा इथं काही संबंध येत नाही. एक टप्पा एक हात आऊट. पत्र्यावर गेला तर आऊट, कारण आतली म्हातारी उठते. सोयाबीनमध्ये गेला तर दोनच रन, मारणाऱ्यानंच शोधून आणायचा, आणि शोधताना रोप मोडलं तर पुढच्या दोन ओव्हर त्याची फिल्डिंग. डांबरी रस्ता ओलांडला तर सहा. पण उसळून ओलांडला की सरळ, यावर परवाच्या सुट्टीत डाव मोडला आणि बॅटवाला बॅट घेऊन घरी गेला.